तबकडीवर कुणाचं नाव?

मी तुमच्या गटांची सहयोगिनी बोलतेय. एरवी या वेळेला आपण कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं, मसाल्याच्या पाकिटावर काय छापायचं असल्या गोष्टी बोलतो. आज मात्र गाण्यांवर बोलायचं आहे. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूच्या गावांत बैठकांना जाते तेव्हा बऱ्याच जणी म्हणतात, "ताई, फोनमध्ये गाण्यांचा पूर आलाय, पण ऐकायचं काय तेच कळत नाही. जे समोर येतं तेच वाजत राहतं." म्हणून आज मी तुम्हाला पाच जुन्या तबकड्या सुचवणार आहे. आता त्या तबकड्या कुणाच्या घरात नाहीत, पण त्यांच्यावरची गाणी फोनवर मिळतात. प्रत्येकीचा थोडा इतिहास सांगेन. ऐकताना एक प्रश्न मनात ठेवा: या तबकडीवर नाव कुणाचं आहे, आणि कुणाचं राहून गेलं?

आधी तबकडी म्हणजे काय ते सांगते, कारण गटातल्या तरुण मुलींनी ती पाहिलेलीसुद्धा नसेल. काळी, गोल, ताटलीएवढी. वर बारीक चर कोरलेले. ती फिरायची, तिच्यावर सुई टेकायची आणि भोंग्यातून आवाज यायचा. सुरुवातीच्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी लाख करतात, जिच्या बांगड्या होतात, तीच लाख. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी बनवत. हातातून पडली की बांगडीसारखीच फुटायची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं मावायचं. आपली गाणी आजही तीन-चार मिनिटांची असतात, त्याचं एक कारण ही लाखेची तबकडी आहे.

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग नावाचा इंग्रजी ग्रामोफोन कंपनीचा माणूस गाणी टिपायला कलकत्त्याला आला. त्याच्यासमोर गायलेल्या पहिल्या मोठ्या गायिकांमध्ये गौहर जान होत्या. आतासारखा माईक नव्हता. भोंग्यात तोंड घालावं तसं जवळ जाऊन जोरात गावं लागायचं. गाणं संपलं की गौहर जान स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या, तेही इंग्रजीत. कारण साधं होतं. गाणं इथे टिपलं जायचं, पण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हर गावात. तिथल्या कामगारांना हा आवाज कुणाचा हे कळायला नको का? म्हणून गाण्याच्या शेवटी नाव. आज एकशेवीस वर्षांनंतरही ती तबकडी लावली की शेवटी बाई स्वतःचं नाव सांगतात.

ज्या काळात घरातली बाई उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची आणि तिचं स्वतःचं नाव लग्नाच्या दिवशी तांदळात बोट फिरवून बदललं जायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा तबकडीवर आधी कोण गायल्या? घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका नाहीत. गाणं ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं, देवळाशी आणि मैफलीशी ज्यांचं पोट बांधलेलं होतं, त्या बायका. समाज त्यांचं गाणं ऐकायचा आणि त्यांना नावं ठेवायचा. तरी सगळ्यात आधी तबकडीवर नावं त्यांचीच आली. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, अंगभर पदर घेऊन, मांडी घालून, श्रोत्यांसमोर बसून. आज तुमची मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात बिनधास्त गाते ना, तिची वाट या बायांनी मोकळी करून ठेवली आहे.

आता माझी पहिली शिफारस. केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. फक्त साडेतीन मिनिटांची आहे. केसरबाई १८९२ साली गोव्यात केरी गावात जन्मल्या. अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकल्या. रेकॉर्ड काढायला त्या फारशा राजी नसत. आपलं गाणं तीन मिनिटांत कसं मावणार, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता. पण या छोट्या तबकडीचं पुढे काय झालं ते ऐका. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. कधी कुणा परक्या जिवाच्या हाती लागलीच, तर पृथ्वीवर कोण राहतं ते त्याला कळावं, म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली. तिच्यात सगळ्या जगातून निवडून फक्त २७ गाणी-वादनं घातली. म्हणजे ही पृथ्वीची शिफारसच झाली, की आमच्याकडचं ऐकायचंच असेल तर हे ऐका. भारताच्या वाट्याला एकच जागा आली, आणि ती केसरबाईंच्या या भैरवीला मिळाली. रॉबर्ट ब्राऊन नावाच्या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली होती. त्याच तबकडीवर चक बेरी या काळ्या अमेरिकन गायकाचं 'जॉनी बी. गुड' हे रॉकचं गाणंही आहे. रॉक म्हणजे गिटार आणि ढोलावरचं, पाय थिरकवणारं तिकडचं गाणं. गोव्याच्या केरी गावातली बाई आणि गिटार वाजवणारा चक बेरी, दोघं एकाच तबकडीवर बसून निघाले आहेत. पहिलं यान आता पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरांच्याही पुढे गेलं आहे. माणसाने बनवलेली दुसरी कुठलीच वस्तू इतक्या लांब पोचलेली नाही. त्या तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे. तो नमस्कारसुद्धा एका बाईच्याच आवाजात आहे. यानं निघाली त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, केसरबाई वारल्या.

ऐकताना शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. डोळे मिटा आणि आवाज कुठून निघतो, कुठे जातो, एवढंच बघा. पहिल्यांदा कंटाळा येईल. तिसऱ्यांदा येणार नाही.

दुसरी शिफारस आपल्या ठाण्याची. पी. सावळाराम हे नाव ठाणेकरांना नवीन नाही. ठाणे महापालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते. मूळचे ते सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे, जन्म १९१४ चा. पुढे ठाण्याचेच झाले, इतके की ठाण्याचे नगराध्यक्षही होते. लोक त्यांना जनकवी म्हणत. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज असं त्रिकूट जमलं. त्यातून निघालेलं 'गंगा जमुना डोळ्यात उभ्या का' हे गाणं आपल्यापैकी किती जणींच्या पाठवणीला वाजलं असेल! मांडवातला गडी स्पीकरवर ते लावायचा आणि आधीच भरून आलेले डोळे वाहायला लागायचे.

या गाण्याकडे जरा इतिहास म्हणून बघा. लेक सासरी निघाली की आई आणि आत्या-मावश्या गाणं म्हणत रडायच्या, ही आपली जुनी रीत. गाणं म्हणणाऱ्या बायका त्या घरातल्या, त्या गावातल्याच असायच्या. मग रेडिओ आला, तबकडी आली, स्पीकर आला, आणि तेच रडणं एका पुरुष कवीने लिहिलेल्या आणि एका मोठ्या गायिकेने गायलेल्या गाण्यावर व्हायला लागलं. सावळाराम बाईचं मन ओळखून लिहायचे, हे खरंच आहे. म्हणून तर बायकांनी ते गाणं आपलं मानलं. पण ते आलं तेव्हा मांडवातल्या बायकांचं स्वतःचं गाणं हळूहळू मागे सरकलं, हेही खरं. या मागे सरकलेल्या गाण्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

सुमन कल्याणपूर यांचंही एक नाव या निमित्ताने सांगते. नावावरून त्या आपल्या कल्याणच्या वाटतील. तशा नाहीत, ते त्यांच्या सासरचं आडनाव. 'केशवा माधवा' तुमच्यापैकी भजनी मंडळात जाणाऱ्या प्रत्येकीला पाठ असेल. शब्द रमेश अणावकरांचे, चाल दशरथ पुजारींची, आवाज सुमनताईंचा. आवाज लताबाईंच्या आवाजाशी इतका मिळताजुळता, की नाव कानावर पडलं नाही तर ऐकणारा फसायचा. फोनवर आजही त्यांच्या गाण्याखाली कधीकधी दुसऱ्याच बाईचं नाव दिसतं. त्यांना २०२३ साली पद्मभूषण मिळालं. नाव चुकीचं लावू नये, एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करू शकतो.

तिसरी शिफारस 'कोळीगीतां'ची. 'मी डोलकर' माहीत नाही अशी बाई ठाण्यापासून वसईपर्यंत शोधून सापडायची नाही. लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांचे आवाज, हृदयनाथ मंगेशकरांची चाल. आणि शब्द? ते शांता शेळक्यांचे. शांताबाई इंदापूरच्या, म्हणजे समुद्रापासून लांब, घाटावरच्या. त्या कोळीण नव्हत्या. पण कोळी बोलीचा ठसका, नाखवा, होडी, वादळवारा हे सगळं त्यांनी असं पकडलं, की कोळीवाड्यातही ती गाणी आपली म्हणून नाचली जातात.

शांताबाईंच्या नावाची एक गंमत आहे, खरं तर गंमत कमी आणि विचार करण्यासारखं जास्त. त्या काही काळ सेन्सॉर बोर्डावर होत्या. चित्रपट तपासणाऱ्या मंडळावर बसायचं आणि चित्रपटासाठी गाणीही लिहायची, हे बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी त्या काळातली बरीच गाणी 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली. लोक समजायचे, कोणी डॉक्टर आहेत, छान लिहितात. ते डॉक्टर म्हणजे शांताबाईच होत्या.

आणि हे एकट्या शांताबाईंचं नाही. माझी चौथी शिफारस त्याचीच आहे. 'साधी माणसं' या १९६५ सालच्या चित्रपटाची गाणी ऐका. चित्रपट भालजी पेंढारकरांचा. त्यातली नायिका लोहाराची बायको. 'ऐरणीच्या देवा तुला' हे त्यातलंच गाणं, शब्द जगदीश खेबुडकरांचे. ठिणग्या उडताहेत, बाई नवऱ्याच्या बरोबरीने कामाला उभी आहे आणि ऐरणीला देव मानून गातेय. कष्टाच्या कामाला देव मानणारी अशी गाणी आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण भट्टीपुढे उभ्या असलेल्या बाईचं गाणं विरळाच. तबकडीवर संगीतकाराचं नाव होतं 'आनंदघन'. आनंदघन म्हणजे कोण, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या होत्या लता मंगेशकर. गाणारी म्हणून साऱ्या देशाला ठाऊक असलेली बाई चाली बांधताना दुसरं नाव घेत होती. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाले, त्यात संगीताचाही होता. तेव्हा ते गुपित फुटलं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'तांबडी माती' यांचंही संगीत आनंदघन यांचंच.

'मराठा तितुका मेळवावा'मधलं 'रेशमाच्या रेघांनी' लावून बघा. शब्द शांता शेळके, संगीत लता मंगेशकर, आवाज आशा भोसले. लिहिणारी, चाल लावणारी आणि गाणारी, तिन्ही बायका. आपल्या गटासारखंच काम, सगळं बायकांनी उभं केलेलं. पण त्या दिवसांत तबकडी हातात घेऊन बघणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता. गाणारीचं नाव समोर होतं. चाल लावणारीचं दुसऱ्याच नावाखाली झाकलेलं. गाणं म्हणणं बाईचं काम आणि गाणं घडवणं पुरुषाचं, असं मानायची सवय सगळ्यांनाच लागली होती. ती सवय आपल्यालाही आहे. गाणं आवडलं की आपण विचारतो, कोण गातंय? कुणी लिहिलं, चाल कुणाची, हे सहसा विचारत नाही.

पाचवी शिफारस लांबची आहे, जरा दमाने घ्या. 'अल्बम' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आपल्याकडे अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा. गाण्यांचा अल्बम हा शब्द तिथूनच आला. लाखेच्या छोट्या तबकड्या अनेक असल्या की त्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत. १९४८ साली अमेरिकेत मोठी, सावकाश फिरणारी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला वीस मिनिटांच्या वर गाणी मावायला लागली. वही गेली, अल्बम हे नाव राहिलं. मग तिकडच्या गाणाऱ्यांनी आठ-दहा गाणी एका सुतात ओवायला सुरुवात केली. इंग्लंडच्या बीटल्स या चौघांनी १९६७ साली काढलेल्या 'सार्जंट पेपर' अल्बमच्या पाकिटावर सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले होते. गाण्याइतकंच पाकीटही लोक जपून ठेवायला लागले.

मला तुम्हाला सुचवायचा आहे तो अल्बम मात्र एका बाईचा. कॅरोल किंग तिचं नाव, अल्बमचं नाव 'टॅपेस्ट्री', साल १९७१. टॅपेस्ट्री म्हणजे धाग्यांनी भरलेलं चित्र, कशिदाच म्हणा. पाकिटावर ही बाई खिडकीत अनवाणी बसली आहे, पुढ्यात मांजर आहे आणि हातात तिने स्वतः भरलेला कशिदा आहे. ना दागिने, ना झगमग. या चित्राच्या आधीची दहा वर्षं तिने दुसऱ्यांसाठी गाणी बांधण्यात घालवली होती. नवरा शब्द लिहायचा, ही चाल लावायची. गाणं गाजायचं ते गाणाऱ्यांच्या नावाने, हिचं नाव बारीक अक्षरांत. मग संसार मोडला, दोन मुलींना घेऊन ती दुसऱ्या शहरात गेली, आणि तिशीच्या उंबरठ्यावर स्वतःची गाणी स्वतःच्या आवाजात गायली. पूर्वी दुसऱ्यांना दिलेली दोन गाणीही तिने या अल्बममध्ये घेतली आणि स्वतः म्हटली. हा अल्बम अमेरिकेत सलग १५ आठवडे पहिल्या नंबरावर होता. पुढच्या वर्षी तिकडच्या ग्रॅमी पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. इंग्रजी नाही आलं तरी ऐका. आवाज शिकवून गुळगुळीत केलेला नाही. स्वयंपाकघरात काम करता करता एखादी म्हणत असावी तसा आहे. गोधडी शिवणाऱ्या गटाने तर तो जरूर लावावा. हात चालू राहतील.

झाल्या पाच तबकड्या. आता मघाशी ठेवून दिलेली गोष्ट उचलते. मांडवातून मागे सरकलेलं गाणं.

आपल्या ठाणे-कल्याणच्या आगरी गावांत लग्न लावायला धवलारीण लागायची, अजूनही काही घरांत लागते. हळद दळण्यापासून मुहूर्तमेढीपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला. तो तिला तोंडपाठ असायचा. कागद नाही, पोथी नाही. एका म्हातारीने दुसरीला दिला, दुसरीने तिसरीला. 'धवला' हा शब्द किती जुना आहे, माहीत आहे का? तेराव्या शतकात महानुभाव पंथात महदंबा नावाची बाई होती. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाचा प्रसंग होता, तेव्हा तिने लग्नाची गाणी रचली, श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या लग्नाची. त्या गाण्यांना म्हणतात 'धवळे'. आपल्या भाषेतली पहिली कवयित्री आणि आपल्या गावातली धवलारीण एकाच नावाचं गाणं गातात. सातशे वर्षांहून जास्त काळ हे नाव लग्नाच्या मांडवात टिकून आहे.

मग महदंबेचं नाव पुस्तकात का आहे आणि आपल्या धवलारणींचं का नाही? महदंबेचे धवळे महानुभावांनी लिहून ठेवले, जपले, पोथ्यांवरून पोथ्या उतरवल्या. आपल्या धवलारणींचं कुणी लिहून ठेवलं नाही. त्या गेल्या की त्यांच्याबरोबर गाणंही जातं. काही गाणी मात्र गेली नाहीत, त्यांचं दुसरंच झालं. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाल्या. कॅसेटचा मोठा गुण असा, की छोट्या कंपनीलाही ती काढता यायची. त्यामुळे ज्यांना मोठ्या कंपन्यांनी विचारलंही नसतं अशांचे आवाज घरोघर पोचले. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाल्या कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांत घराघरांतून वाजायला लागल्या. आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटही निघाल्या. हे चांगलंच झालं. पण लग्नाच्या गाण्यांपैकी जी चाल नाचायला बरी ती उचलली गेली आणि तिच्यावर 'पारंपरिक' असा शिक्का बसला. पारंपरिक म्हणजे कुणाचं नाही असं. आता हळदीला डीजेवर तेच सूर वाजतात, बाया नाचतात, आणि ज्या म्हातारीच्या तोंडून ते आले ती कोपऱ्यात खुर्चीवर कानावर हात ठेवून बसलेली असते.

मी डीजेच्या विरोधात बोलत नाही. मुलींना नाचायला आवडतं, नाचू द्या. मी म्हणते ते एवढंच, की गटाच्या वहीत दहा रुपयांची बचतसुद्धा आपण नावापुढे लिहितो. उशिरा आलेल्या बाईचा दंडही लिहितो. गाण्यांची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही.

हे करता येतं, हे आपल्याच राज्यात दोघांनी दाखवून दिलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉत्व्हँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरगावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि लाखाहून जास्त ओव्या. त्यातल्या हजारो ओव्यांचं रेकॉर्डिंगही झालं. 'पारी' या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे. गिरण आली, जातं बंद झालं, ओवी म्हणायचं कारणच संपलं. तरी त्या बायांची नावं राहिली, कारण दोन माणसं गावोगाव फिरून त्यांच्यापाशी बसली.

आपल्याला गावोगाव फिरायचीही गरज नाही. प्रत्येक गटात दोन-तीन चांगले फोन आहेत. हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. २००६ साली सरकारने लोकांच्या संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी दिली. म्हणून तर माझ्यासारखी गटाची बाई आज तुमच्याशी रेडिओवरून बोलू शकते. आणि नावाचं म्हणाल तर २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं आहे. बाळाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं. कागदावर आईचं नाव येऊ शकतं, तर गाण्यावरही येऊ शकतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला दोन कामं करा. हिशेब संपला की वीस मिनिटं ठेवा आणि या पाचांपैकी एक काहीतरी सगळ्या जणी मिळून ऐका. प्रत्येक गाण्याला तीन प्रश्न विचारा: गायलं कुणी, लिहिलं कुणी, चाल कुणाची? एकीने वहीत लिहून घ्या.

दुसरं काम, गावातल्या एखाद्या धवलारणीकडे किंवा ओव्या येणाऱ्या आजीकडे जा. आधी तिची परवानगी घ्या, आणि हे रेकॉर्डिंग कोण कोण ऐकणार तेही सांगा. ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर दुपारी जा, जेव्हा रस्ता शांत असतो. पंखा आणि टीव्ही बंद करा. फोन तिच्यापासून हातभर लांब, उशीवर किंवा घडी केलेल्या साडीवर ठेवा, म्हणजे आवाज घुमणार नाही. मध्ये बोलू नका, चुकली तरी थांबवू नका. गाणं कुणाकडून शिकलीस ते विचारा. ते रेकॉर्डिंग दुसऱ्या एका फोनमध्येही उतरवून ठेवा, कारण फोन बिघडतात. आणि गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. तिला तिचं स्वतःचं नाव आणि गाव सांगायला सांगा. लाजेल, नवऱ्याचं नाव आधी सांगेल, "माझ्या नावाचं काय एवढं" म्हणेल. जरा थांबा. माहेरचं सांगितलं तरी चालेल.